जुजबंदी

फोर्टात, घड्याळवाल्याच्या जिन्याखाली
माझी सहा बाय नऊची जागा.
कितीही मोठा वकील असो, इथे वाकूनच येतो.
चाळीस वर्षं मी दिल्लीचे निकाल शिवतोय.
सुटे अंक येतात, वर्ष संपलं की त्यांचे खंड होतात:
दाभण, मेणावलेला दोरा, खळ, पुठ्ठा,
पाठीवर सोनेरी ठसा.
वाचायचं नसतं. बांधायचं असतं.

तरी हाताला कळतं.
काही वर्षं इतकी जाड भरतात की शिकंजा मिटत नाही.
एक-दोन फार पातळ निघाली होती,
वडिलांच्या हातची. त्यांच्याबद्दल
वकील अजूनही आवाज उतरवून बोलतात.

एकदा दळवी वकिलांना विचारलं होतं,
हा शेवटचा न्यायमूर्ती तर हरलाच ना,
चार विरुद्ध एक?
मग त्याची चोवीस पानं कशाला शिवायची,
दोरा तरी वाचेल.
ते हसले नाहीत.
म्हणाले, सावे, तीच नीट शीव.
एकोणीस वर्षांनी त्यांचा ज्युनियर धावत आला,
तोच खंड मागत, तेच शेवटचं जुज.
हरलेली पानं त्या सकाळी कायदा झाली होती.
दोरा ताठ होता अजून.
मला उगाच बरं वाटलं,
जसा काही निकाल मीच दिला.

मग तो अंक आला.
इंग्रजी मला ठशांपुरतं येतं,
पण जुज दुमडताना अंगठ्याखाली जे आलं
ते कळण्याइतकं येतं:
मुलीचा हक्क जन्मापासूनचा,
बाप हयात असो वा नसो.
मी खळीचा ब्रश खाली ठेवला.

माहीमचं आमचं कौलारू घर, मागे विहीर.
ते पाडून सात मजले चढायच्या आधी
कुमूला आगाशीहून बोलावून घेतलं होतं.
जुन्या कस्टम हाउसात, इथून सात मिनिटांवर,
तिने हक्कसोडपत्रावर सही केली.
राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय,
असं छापलेलंच असतं.
'अंगठा पण लागतो?' एवढंच विचारलं तिने.
शाई पुसायला मी माझा रुमाल दिला.
मग दादरला जाऊन साडी घेतली, हिरवी, बारीक काठाची.
तिला डाळिंबी हवी होती.
ती शंभराने महाग होती.

ज्युनियरला विचारलं, आता तोही पांढरा झालाय.
माझं म्हणून नाही, एका ओळखीच्या माणसाचं म्हणून.
'दस्त रजिस्टर आहे ना?' तो म्हणाला,
'मग त्याला सांगा, झोप शांतपणे.'
शंभरावर पानं, तळटिपांसकट,
आणि माझ्याविरुद्ध एक अक्षर नाही.

झोप काही आली नाही.
आमच्याच इमारतीत, चौथ्या मजल्यावर,
राऊतांची मुलगी हल्ली भावांच्या बरोबरीने
नकाशे पसरून बसते,
वाटणीतल्या एकेका भिंतीवर बोट ठेवते,
आणि चहा टाकायला तिला कोणी उठवत नाही.
हे कोणत्या पानावर लिहिलंय?
मी शिवलेल्या खंडात तर दिसलं नाही.

रविवारी फोन लावला.
पानवेलीची विचारपूस झाली, तिच्या गुडघ्याची झाली,
जावयाच्या नव्या टेम्पोची झाली.
मग म्हटलं, कुमे, एक निकाल आलाय,
म्हणजे येऊन वर्ष होईल,
मीच बांधलाय...

'ठाऊक आहे,' ती म्हणाली. 'टीव्हीवर दाखवला तेव्हाच.'

पलीकडे कुणीतरी नारळ सोलत होतं,
तो आवाज बराच वेळ आला.

'ती हिरवी आहे ना, दादा,
तिची घडी मी अजून मोडली नाही.'